रिवर्क, रिपेअर आणि वाघमारे मॅडम

परवा रविवारी आमच्या घरी आमटी खारट झाली. बायकोने दोन बटाटे चिरून तिच्यात टाकले, एक उकळी काढली, चव घेतली आणि म्हणाली, "झाली बघा नीट." माझ्या तोंडून निघून गेलं, "नीट नाही झाली. रिपेअर झाली." बायको पळी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने माझं बरंच ऐकून घेतलंय, पण आमटीला कंपनीतला शब्द लावलेला तिने पहिल्यांदाच ऐकला. "कुणी शिकवलं हे?" तिने विचारलं. "वाघमारे मॅडमनी," मी म्हणालो. "मग त्यांच्याकडंच जा जेवायला," असं म्हणत तिने ताट वाढलं. आमटी चांगली झाली होती, हे मात्र कबूल करायला हवं.

वाघमारे मॅडम म्हणजे सुजाता वाघमारे. चाकणला आमच्या कारखान्यात त्या क्वालिटी खात्याचे कागद सांभाळायच्या. आम्ही गाड्यांना लागणारे लोखंडी ब्रॅकेट बनवतो. मी प्रॉडक्शनला सुपरवायझर. ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल टाकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, प्रॉडक्शन आणि क्वालिटी यांचा छत्तीसचा आकडा असतो. माल बाहेर काढणं हे आमचं काम आणि तो अडवून ठेवणं हे त्यांचं, असं निदान आम्हाला तरी वाटतं. त्यात या बाईंची तऱ्हा आणखी वेगळी. त्या माल अडवायच्या नाहीत, शब्द अडवायच्या.

त्यांची माझी पहिली गाठ पडली तीच भांडणातून. एका लॉटमध्ये वेल्डिंगला भोकं राहिली होती. आम्ही वरून पुन्हा वेल्डिंग मारलं, घासून गुळगुळीत केलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, "रिवर्क केले." दहा मिनिटांत चिठ्ठी परत आली. तिच्यामागोमाग एक ठेंगणी, सावळी बाई आली. निळा एप्रन, नाकावर घसरलेला चष्मा, पायांत कंपनीचे जड सेफ्टी बूट. हे बूट घातले की बहुतेक माणसं पाय ओढत चालतात. या मात्र पाऊल उचलून टाकत आल्या.

"जगताप तुम्हीच ना? रिवर्क आणि रिपेअर, फरक काय?"

मी म्हणालो, "अहो मॅडम, फरक काय असायचाय? दोन्हीत माल दुरुस्तच होतो की."

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

"बायको."

"मग तुम्हाला सोपं करून सांगते. आमटीत मीठ कमी पडलं, वरून घातलं, चव जशी पाहिजे तशी आली. हे रिवर्क. मीठ जास्त पडलं, बटाटा टाकला, खाण्याजोगी झाली. हे रिपेअर. रिवर्क केलेला माल ड्रॉइंगप्रमाणे असतो. रिपेअर केलेला नुसता चालण्यासारखा असतो. म्हणून दुसऱ्या प्रकारात जेवणाऱ्याला आधी सांगावं लागतं."

"आणि न्हाई सांगितलं तर?"

"तर तो जेवेल. पण वाढताना तुम्ही त्याच्याकडे बघणार नाही."

मी चिडून चिठ्ठीवर "रिपेअर" लिहिलं. त्यामुळे गिऱ्हाईक कंपनीची परवानगी मागावी लागली, त्यात दोन दिवस गेले, आणि मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून झापलं. मोठे साहेब म्हणजे आमचे प्लँट हेड. बाहेर आलो तर मॅडम पाण्याच्या मशीनपाशी उभ्या होत्या. "काय म्हणाले? रागावले की ओरडले?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी मला या बाईचा मनापासून राग आला होता.

पुढे कळलं की हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारतात. चेक आणि व्हेरिफाय. रिजेक्ट आणि स्क्रॅप. पॉसिबल आणि प्रॉबेबल. कँटीनमध्ये पोळ्या वाढणाऱ्या पोराला त्यांनी एकदा इनफ आणि मोअर यांतला फरक विचारला, तेव्हापासून तो त्यांच्या ताटात न विचारता अडीच पोळ्या ठेवायचा. नव्या इंजिनिअर पोरांना त्यांची धास्ती असायची. ही पोरं इंग्रजी माध्यमात शिकलेली, फाडफाड बोलणारी. मॅडम त्यांचा रिपोर्ट वाचायच्या, एका शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायच्या आणि म्हणायच्या, "बेटा, हा शब्द छान आहे. पण इथे तो राहत नाही."

गंमत म्हणजे त्यांना स्वतःला इंग्रजी बोलता यायचं नाही. बाहेरून ऑडिटला कोणी आलं की या कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायच्या. अगदीच गळ्याशी आलं तर एक वाक्य जुळवून बोलायच्या, तेही थांबून थांबून. एकदा मी टोमणा मारला, "मॅडम, आमाला फरक शिकवता आणि साहेब आले की मौनव्रत!" त्या जराही खजील झाल्या नाहीत. "मला इंग्रजी बोलता येत नाही, जगताप. तोलता येतं." एवढं बोलून डबा उघडला आणि मला कारल्याची भाजी वाढली.

त्या राहायला रहाटणीला. कंपनीची बस तिकडून निघून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकणला यायची. चाकणच्या चौकातली गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला त्या बसची अवस्था सांगायला नको. गेटवरच्या रजिस्टरात उशिरा येणाऱ्यांसाठी "लेट" असा एक रकाना होता आणि तीन लेट झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापली जायची. एकदा बस पाऊण तास चौकात अडकली. सगळे खाली उतरून निमूट लेटच्या रकान्यात सह्या करायला लागले. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मी लेट नाही. मी डिलेड आहे."

सिक्युरिटीवाला बिचारा म्हणाला, "मॅडम, कॉलम एकच आहे."

"मग दुसरा आखा. लेट म्हणजे मी उशिरा निघाले. डिलेड म्हणजे मी वेळेवर निघाले आणि मला उशीर करण्यात आला. बस कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा. माझी रजा का कापता?"

त्यांनी पर्समधून सहा इंचांची पट्टी काढली आणि रकाना स्वतः आखला. एचआरमध्ये दोन दिवस त्यावरून खल झाला आणि शेवटी तो रकाना छापील रजिस्टरात आला. मग काय, सगळ्या कारखान्याला हा शब्द सापडला. घरून भांडून उशिरा आलेला, मुलाला शाळेत सोडून आलेला, सगळे छाती काढून सांगायचे, "डिलेड आहे राव." एकदा पेंटशॉपचा एक जण असाच सही करत असताना मॅडम मागून आल्या. त्याच्या तोंडाकडे पाहून सिक्युरिटीवाल्याला म्हणाल्या, "ह्यांच्या गालावर उशीचे वण आहेत. लेट लिहा."

आता कुणाला वाटेल की बाई कधी चुकतच नसतील. चुकायच्या. एकदा त्यांनी भरलेला ट्रक गेटवर थांबवला. लेबलवर "ॲक्सेप्टेड"ऐवजी "अप्रूव्ह्ड" छापलंय, हा माल जाणार नाही म्हणाल्या. ट्रक तीन तास उभा राहिला. मग उघडकीस आलं की त्या गिऱ्हाईकाच्या स्वतःच्याच नमुन्यात अप्रूव्ह्ड आहे. आम्ही प्रॉडक्शनवाले मनातून सुखावलो. दुसऱ्या दिवशी कँटीनच्या फळ्यावर, आजची भाजी कोबी असं लिहिलं होतं त्याच्याशेजारी, एक कागद चिकटवलेला दिसला. मॅडमच्या अक्षरात होता. "काल ट्रक मी थांबवला. नमुना न वाचता थांबवला. चूक माझी." खाली पूर्ण नाव आणि सही. हा कागद लावायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तो वाचून आमच्यातले जे हसत होते तेही आपापल्या ताटाकडे वळले. मीही त्यांतच होतो.

या सगळ्याचं मूळ मला एका रविवारी बसमध्ये कळलं. मी मोशीचा, रोज माझ्या गाडीने जातो. त्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती आणि पिंपरीला पाहुण्यांकडे जायचं होतं, म्हणून ओव्हरटाइम संपवून कंपनीच्या बसने निघालो. बस जवळजवळ रिकामी होती. मी सहज म्हणालो, "मॅडम, एवढं शब्दाशब्दाला धरून कशाला बसता ओ? डोकं न्हाई दुखत?"

 त्या म्हणाल्या, "माझे वडील पिंपरीत एका कारखान्यात होते. मी नववीत असताना त्यांना कावीळ झाली. गावी जाऊन दोन महिने पडून राहिले. परत आले तर कंपनीचं इंग्रजी पत्र आलेलं. आमच्या चाळीत इंग्रजी येणारे एकच गृहस्थ होते, त्यांनी उत्तर लिहून दिलं. वडिलांना म्हणायचं होतं, मी आजारी होतो, गैरहजर होतो. त्या गृहस्थांनी ॲबसेंट लिहायचं ते लेफ्ट लिहिलं. वाईट हेतूने नाही हो. त्यांना दोन्ही सारखंच वाटलं. कंपनी म्हणाली, हा तर स्वतःच लिहून देतोय की काम सोडलं. वडिलांनी त्यावर सही केली होती."

"मग?"

"मग काय. पुढे हातगाडीवर केळी विकली त्यांनी. आम्हाला शिकवलं. मी नोकरी करत करत बाहेरून बीए केलं, इंग्रजी घेऊन. सगळे म्हणाले, मराठी घे, सोपं जाईल."

मला फार वाईट वाटलं आणि मी तसं म्हणालोही. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हे सॉरी आहे का पिटी?"

"सॉरी," मी म्हणालो.

"मग चालेल," त्या म्हणाल्या आणि पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून अर्धी मला दिली. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरचा राग गेला. तरीही माझ्या हातून जे घडायचं ते घडलंच.

ते आता सांगतो. आमच्याकडे ड्रिलिंगच्या एका मशीनवर ज्ञानोबा नावाचा ऑपरेटर होता. परभणीकडचा, चाळिशीला आलेला, दोन मुलींचा बाप. नऊ वर्षं कंत्राटावर राबत होता आणि त्या वर्षी त्याचं पर्मनंट व्हायचं नक्की झालं होतं. शिफारस माझीच होती. त्याच्या मशीनवर ब्रॅकेट ज्या साच्यात बसवतात त्यात बोटाएवढी एक पिन असते. ब्रॅकेट उलटा बसूच नये म्हणून ती पिन. महिनाअखेर होती, मालाला कापताना उरलेल्या खरखरीत कडा राहून गेल्या होत्या आणि प्रत्येक ब्रॅकेट पिनेत अडकत होता. माल वेळेत निघेना. मी ज्ञानोबाला म्हणालो, "काढ ती पिन. तू काय आंधळा हायेस का उलटं लावायला?" त्याने पाना घेतला, पिन काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती माझ्या टेबलाच्या खणात टाकली. माल वेळेत गेला आणि मी ती गोष्ट विसरून गेलो.

तीन आठवड्यांनी गिऱ्हाईकाकडून तक्रार आली. काही ब्रॅकेटना भोक उलट्या बाजूला होतं. अशी तक्रार आली की कारण लिहून पाठवावं लागतं, आणि आमच्याकडे वर्षानुवर्षं एक ठरलेलं कारण होतं, ऑपरेटर नेग्लिजन्स. खाली उपाय, ऑपरेटरला समज देण्यात आली. गिऱ्हाईकालाही तेच वाचायची सवय झाली होती. मोठे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "मॅडम, लिहून टाका नेहमीचं." मी समोर बसलो होतो. मला पिन आठवली. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायलो.

मॅडम म्हणाल्या, "सर, नेग्लिजन्स म्हणजे काळजी घ्यायची सोडून न घेणं. एरर म्हणजे काळजी घेऊनही चुकणं. यातलं काय झालं ते मी अजून पाहिलेलं नाही. पाहून लिहिते."

त्या खरंच मशीनवर जाऊन उभ्या राहिल्या. अर्धा दिवस. ज्ञानोबा घाबरून गेला होता. "मॅडम, म्या बघूनच लावायलो होतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दुपारी त्यांनी मोठ्या साहेबांना, मला आणि दोन-चार जणांना बोलावलं. "जगताप, तुम्ही बसवा बघू पन्नास ब्रॅकेट. मी तुमच्याशी गप्पा मारते, शिफ्टमध्ये मारतातच लोक."

मी बाह्या सरसावल्या. बावीस वर्षांचा अनुभव, मला काय अवघड होतं! त्या मला मुलीच्या बारावीचं विचारत होत्या, मी सांगत होतो आणि हात चालू होते. एकोणिसाव्याला त्यांनी हात वर केला. ब्रॅकेट उलटा बसला होता. पोरं खो खो हसली, मोठे साहेबसुद्धा हसले. मीही हसलो.

"सर, हा नेग्लिजन्स आहे का?" मॅडमनी विचारलं. साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. मग मॅडमनी साच्यातल्या रिकाम्या भोकावर बोट ठेवलं. "इथे काय असतं, ज्ञानोबा?"

"पिन असती, मॅडम."

"कुठे गेली?"

ज्ञानोबाने खाली बुटांकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मॅडमनी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आणि पुढे काही विचारलं नाही.

रिपोर्टमध्ये नेग्लिजन्स आला नाही. साच्यात पिन नव्हती म्हणून ब्रॅकेट उलटा बसू शकत होता, यापुढे निघणारच नाही अशी पिन बसवली आहे, एवढं साधं त्यांनी लिहिलं. गिऱ्हाईकाने ते मान्य केलं. सुटलो, असं मला वाटलं. पण एचआरचे देशमाने साहेब हा माणूस फाइल वाचणारा. त्यांनी विचारलं, पिन गेली कुठे? मशीन ज्ञानोबाचं, म्हणजे काढली त्यानेच. त्याच्या पर्मनंटच्या कागदावर त्यांनी शेरा मारला, "टॅम्परिंगचा संशय", आणि कागद थांबवला. ज्ञानोबाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "म्हाईत नाही साहेब." माझं नाव त्याने घेतलं नाही. कसं घेणार? त्याची शिफारस माझ्या सहीने गेली होती. मी बिथरलो तर नऊ वर्षं मातीत जातील, हे त्याला कळत होतं. त्याच्या गप्प बसण्यानेच ती मातीत चालली आहेत, हे मला कळत होतं. तरी मी गप्प होतो. या वयात मेमो, चौकशी, लोकांपुढे मान खाली, या सगळ्याची मला भीती वाटत होती. आज सांगताना लाज वाटते, पण भीती खरी होती.

मॅडम देशमान्यांकडे जाऊन आल्या. रिमूव्ह म्हणजे काढणं आणि टॅम्पर म्हणजे बिघडवण्यासाठी हात घालणं, हा शब्द बदला, असं त्यांनी सांगून पाहिलं. देशमाने म्हणाले, "कुणी काढली आणि का काढली ते सांगा, लगेच बदलतो." मॅडमना ते सांगता येईना. त्यांना अंदाज होता, पण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेलं लिहायचं तर मग त्यांच्यात आणि चाळीतल्या त्या गृहस्थांत काय उरलं असतं? त्या पंधरा दिवसांत त्यांनी मला एकाही शब्दाचा फरक विचारला नाही. भेटल्या की "काय जगताप, ठीक?" एवढंच विचारून जायच्या. ते मला झापण्यापेक्षा जास्त लागलं.

महिनाअखेरीला त्या रिटायर होणार होत्या. कँटीनमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, समोसे, केक, सगळं रीतसर. मोठे साहेब भाषणात म्हणाले, "मॅडम रिटायर होतायत, टायर्ड झालेल्या नाहीत." आम्ही टाळ्या वाजवल्या. मला बोलायला उभं केलं. मी आमटीचा किस्सा रंगवून सांगितला, सगळे पोट धरून हसले. मागच्या रांगेत ज्ञानोबा उभा होता. तोही हसला, टाळ्या वाजवल्या आणि समोसा न घेताच मशीनवर निघून गेला. मी माझा समोसा तसाच ठेवला.

मी तडक माझ्या टेबलापाशी गेलो, कागद घेतला आणि चार ओळी लिहिल्या. कंपनीत असलं लिहिणं इंग्रजीतच लागतं. मग तो कागद घेऊन मॅडमकडे गेलो. त्या आपलं कपाट रिकामं करत होत्या.

"मॅडम, जरा इंग्रजी बघता का?"

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वाचलं. मी लिहिलं होतं की महिनाअखेरीला माल अडकत असल्यामुळे पिन काढावी असं मी ऑपरेटर ज्ञानोबाला "सजेस्ट" केलं. त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचलं. आता त्या फरक विचारतील म्हणून मी तयारीतच होतो. त्यांनी विचारलं नाही. आपलं पेन त्या कागदावर ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून जुन्या फाइलींना सुतळी बांधायला लागल्या.

मी उभाच होतो. सजेस्ट म्हणजे सुचवणं. सुचवलं की समोरच्याला नको म्हणता आलं पाहिजे. ज्ञानोबाला मला नको म्हणता आलं असतं का? नऊ वर्षांच्या कंत्राटी माणसाला? मी पेन उचललं, सजेस्टेडवर काट मारली आणि वर लिहिलं, इन्स्ट्रक्टेड.  पुढे आणखी एक ओळ घातली, पिन माझ्या खणात आहे.

मॅडम वळल्या आणि त्यांनी वाचलं. "स्पेलिंग बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. देशमान्यांनी कागद वाचला, मला समोर बसवलं आणि बऱ्याच गोष्टी ऐकवल्या. मला वॉर्निंगचं पत्र मिळालं, ते माझ्या फाइलीत आहे आणि राहील. ज्या बढतीकडे मी डोळे लावून बसलो होतो ती दुसऱ्याला गेली. ज्ञानोबाच्या कागदावरचा शेरा निघाला आणि पुढच्या महिन्यात त्याला पर्मनंटचं पत्र मिळालं. मी त्याला सांगायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तुमी सांगणार हे म्हाईत होतं मला." त्याला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण त्याने तसं म्हटलं, यासाठी मी त्याचा जन्मभर ऋणी आहे.

देशमान्यांच्या केबिनमधून मी बाहेर आलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते आणि रहाटणीची बस सुरू होऊन उभी होती. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर शाल आणि नारळ. मी खिडकीखाली गेलो. आता त्या शाबासकी देतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर ती हवीही होती.

त्यांनी काच सरकवली. "उद्या दुपारी जेवायला ज्ञानोबाजवळ बसा. पंधरा दिवस एकटाच जेवतोय तो."

"बसतो," मी म्हणालो.

"आणि बोला. नुसते बसू नका."

ड्रायव्हरने गिअर टाकला. मॅडमनी नारळ एका हाताने सावरला, दुसऱ्या हाताने काच लावून घेतली आणि बस गेटमधून डावीकडे वळून गेली. मी तिथेच उभा राहिलो. ते पंधरा दिवस मी त्याच कँटीनमध्ये जेवत होतो, चार टेबलं सोडून. ज्ञानोबाकडे पाठ येईल अशी खुर्ची मी रोज बघून घेत होतो, आणि मॅडमनी तेही पाहिलं होतं.